एकाच बाजूच्या दोन गाद्या

दुपारी बारापर्यंत गाडीतला पलंग तयार झाला नाही तर गाडी शेजाऱ्याला विकायची, असं निवृत्त फोरमनला त्याच्या बायकोने बजावलं होतं. सहलीचा बेत आजवर सहादा बारगळला होता. शेजारी तर सकाळपासूनच कुंपणाला टेकून उभा होता.

फोरमनने जुन्या व्हॅनमध्ये फळ्यांचा पलंग ठोकला होता. त्यावर दोन गाद्या, आणि दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे येत असल्यामुळे प्रत्येक गादीच्या एका कोपऱ्याला खाच. फोम त्याने कापला, खोळी बायकोने शिवल्या. वरून पाखरांच्या नक्षीचं कापड, खालून जाड कॅनव्हास.

डावी गादी झकास बसली. उजवीच्या खोळीत फोम घातला, तर खोळीची खाच एकीकडे आणि फोमची दुसरीकडे!

"दोन्ही सारखेच कापलेत?" बायको ओरडली.

"साचा एक, तर माल एकच निघणार! तू खोळी वेगळ्या कशा केल्यास?"

"जन्मभर ब्लाउज शिवले मी. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतात का कधी?"

फोरमन तणतणत फोम घेऊन अंगणात गेला, बायको खोळ घेऊन मशीनवर बसली. तासाभरात त्याचा राग निवळला. बिचारीने आठवडाभर डोळे फोडून शिवलं होतं. त्याने कापलेला तुकडा गोंदाने परत चिकटवला, दुसऱ्या कोपऱ्याला खाच पाडली आणि आत येऊन खालमानेने म्हणाला, "माझं चुकलं. फोम बदललाय."

बायकोच्या हातात उसवून नव्याने शिवलेली खोळ होती. "अहो, मी खोळ बदलली!"

आता कोणाचं काय चुकलं होतं, हेच फोरमनला उमगेना. बाराला दहा मिनिटं होती.

कुंपणावरून शेजाऱ्याला राहवेना. "अहो, फोम पालथा करून घाला की!"

घातला. खोळीत चपखल बसला. पण गादी गाडीत नेली तर खाच डावीकडे आणि चाक उजवीकडे.

"मग आता अख्खी गादीच पालथी टाका वहिनी, डोकं चालवा जरा!"

टाकली. बसली! डाव्या गादीवर पाखरं, उजवीवर कॅनव्हास. आपण काय करून बसलो हे शेजाऱ्याच्या ध्यानात आलं, तोवर फोरमनने गाडी सुरू केली होती.

गाव मागे पडल्यावर फोरमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्यांदाच नुसता फोम पालथा घातला असता तर कापाकापी लागलीच नसती! बायकोला हे सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

"सकाळीच फोम पालथा घातला असता, तर भागलं असतं," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही अंगणात गोंद लावत होतात तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच निघाले होते. तेवढ्यात तुम्ही आत येऊन 'माझं चुकलं' म्हणालात. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं हो, ते खोटं पाडवेना मला."