आंटींचं सिंक

मी आयटीतला माणूस. आमच्या घरात कॉम्प्युटरसाठी मेकॅनिक बोलावणं म्हणजे आचाऱ्याने डबा मागवण्यासारखं आहे. म्हणून त्या रविवारी माझ्या बायकोने, मयुराने, घाबरून हाक मारली तेव्हा मी जरा खूशच झालो.

नोकरी सोडून तिने इंटिरियरचा स्वतःचा धंदा काढला, त्यातलं हे पहिलं काम. इथल्याच, गाझियाबादच्या ग्रोव्हर आंटी किचनचं डिझाइन बघायला आमच्याकडे येणार होत्या. आवडलं तर ऑर्डर. आणि स्क्रीनवर चित्र फिरवलं की वरची कपाटं पुढे पळायची, खालचा ओटा मागेच राहायचा. अख्खं किचन मधोमध फाटलेलं!

"आता हे असं दाखवू मी त्यांना?" मयुरा रडकुंडीला आली होती.

"यार, दोन मिनिटांचं काम आहे. तू चहा टाक."

मी उगाचच सीपीयूचं झाकण उघडलं, आतली धूळ पुसली, झाकण लावलं. फाटणं तसंच. तेवढ्यात आंटी टपकल्या. मयुराने त्यांना बाहेर चहावर थोपवून धरलं आणि इकडे मला सेटिंगमध्ये रोग सापडला. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड चित्र पाठवतं आणि स्क्रीन ते दाखवते, त्या दोघांचा ताल जुळवणारं 'व्ही-सिंक' बंद होतं.

आनंदाच्या भरात मी 'व्ही' गिळला आणि ओरडलो, "मयुरा, सिंक बंद आहे!"

"किसका सिंक बंद है?" बाहेरून आंटींचा आवाज आला.

धुळीने माखलेला बनियन, हातात स्क्रू ड्रायव्हर, अशा अवतारात मी दारात आलो. "आपके किचन का, आंटी. इसीलिए बीच में से फट रहा है."

"फट रहा है?"

"अभी चालू कर देता हूं. फिर नहीं फटेगा."

आंटींनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याला फोन लावला. "सुनो जी, किचन अभी बना नहीं और सिंक जाम हो गया."

मयुराने मला नुसत्या नजरेने आत ढकललं. मी एक क्लिक केलं आणि किचन एकसंध, अलगद फिरायला लागलं. आंटी आत येऊन बराच वेळ बघत राहिल्या. कपाटं आवडली, ओटा आवडला, रंग तर फारच आवडला.

"डिझाइन बढिया है बेटा, ऑर्डर पक्का," आंटी तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "बस, ये प्लंबर बदल लो."

"बिल्कुल, आंटी," मयुरा म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबाबतीत ती इतक्या पटकन कुणाशी सहमत झाल्याचं मला तरी आठवत नाही.