वरच्या फळीचा शांतता-ठराव

दोन देशांत युद्ध होऊ नये म्हणून जगात मोठमोठ्या परिषदा आहेत, आणि त्या आहेत म्हणूनच युद्धे इतक्या शिस्तीत चालतात, हे कोणीही सुज्ञ माणूस मान्य करील. कोणी कोणावर चालून गेले की परिषद आधी दखल घेते, मग चिंता व्यक्त करते, मग निरीक्षक पाठवते. तोवर दोन्ही बाजू दमतात. ही थोर पद्धत आमच्या भागात आणण्याचा मान ओहोळ शांतता परिषदेला मिळाला. मी तिचा चिटणीस. (या विषयावरचे दोन दिवसांचे शिबिर मी डहाणूत दोन्ही वेळच्या जेवणासह पूर्ण केले आहे.)

प्रश्न सीमेचा होता. ओहोळाच्या अलीकडे उंबरपाडा, तो डहाणू तालुक्यात. पलीकडे खडकपाडा, तो तलासरीत. मध्ये नऊ फळ्यांचा बंधारा. पाऊस सरला की फळ्या एकावर एक बसवायच्या, पाणी अडवायचे आणि त्यावर दोन्ही पाड्यांनी मिरची काढायची. आठ फळ्यांबद्दल कोणाचीच तक्रार नाही. नववी, म्हणजे सर्वांत वरची, बसवली की खडकपाड्याची पायवाट बुडते. न बसवली तर उंबरपाड्याच्या शेवटच्या वाफ्यांना पाणी पोचत नाही.

परिषद नव्हती तेव्हा हा प्रश्न रानटी पद्धतीने सुटत असे. दोन्हीकडची माणसे बंधाऱ्यावर जमत, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, कोणाला तरी एक धपाटा बसे आणि संध्याकाळपर्यंत फळ्या बसून चहासुद्धा झालेला असे. याचे कार्यवृत्त कोणीही लिहीत नसे.

परिषदेत पाच कायम सदस्य. निवडीचा निकष निःपक्षपातीपणा, म्हणून ज्यांना ओहोळाचे पाणी लागतच नाही असेच निवडले. चिकूवाडीवाले अमृतभाई (स्वतःच्या तीन बोअरवेल), वाणगावच्या बाजारात कोयते आणि कुऱ्हाडीचे दांडे विकणारे काशीनाथशेठ (भांडणांचा दांडगा अनुभव), आणि या दोघांच्या ओळखीचे आणखी तिघे. पाचांपैकी एकाने जरी 'नाही' म्हटले तरी ठराव पडतो. कारण सांगावे लागत नाही. कारण असावे लागते असेही नाही.

पहिल्याच बैठकीत तणाव निवळावा म्हणून नऊच्या नऊ फळ्या आम्ही ताब्यात घेतल्या. फक्त वरची घेतली असती तर एका बाजूला झुकल्यासारखे दिसले असते. काठावर दोन निरीक्षक बसवले. त्यांना पाण्याकडे पाहण्याचा अधिकार होता, पाणी अडवण्याचा नव्हता.

दिवाळीनंतर उंबरपाड्याची जिवली आली. तिने चौदा वाफ्यांत मिरचीचे रोप लावले होते.

"वरची फळी ठेवा तुमच्याकडं," ती म्हणाली. "खालच्या आठ तं द्या. मिरची जगली तं आमी घरी राहू. नाय तं इटांच्या भट्टीवर जावं लागंल, अन् वर्षाची शाळा सुटंल."

वर्षा ही तिची मुलगी, नववीतली. जिवलीसोबत चक्क खडकपाड्याचा म्हातारा देवजी आला होता. "आमचा झगडा वरच्या फळीचा," तो म्हणाला. "खालच्यांनी काय गुना केला?"

मामला गंभीर होता. दोन शत्रुपक्षांनी परिषदेला न विचारता आपसात समेट केला होता. असले पायंडे पडले तर परिषदेने करायचे काय? काशीनाथशेठ 'नाही' म्हणाले. मला लाज वाटली, पण कार्यवृत्तात तिच्यासाठी रकाना नव्हता.

त्यानंतरचे आमचे काम डोळे दिपवणारे आहे. बैठका चौदा. त्यांत साधी चिंता सहा वेळा, तीव्र चिंता पाच वेळा, अतितीव्र चिंता दोनदा (ही उभे राहून करावी लागते), आणि एकदा पुरेसे सदस्य नसल्याने चिंता पुढे ढकलली. ओहोळाचे पाणी यांतल्या पहिल्या बैठकीला गुडघ्याइतके होते, सातव्या बैठकीला घोट्याइतके. अकराव्या बैठकीला निरीक्षक चपला न काढता पलीकडे चहाला जाऊन आले.

मध्यंतरी जिवली आणि देवजीने भर दुपारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बांध घालायला घेतला. बघता बघता दोन्ही पाड्यांची माणसे मदतीला आली आणि घमेली या काठावरून त्या काठावर जाऊ लागली. हा शस्त्रसंधीचा उघड भंग होता. परिषदेने गोण्या काढण्याचा ठराव केला. एकमताने संमत झालेला हा आमचा एकमेव ठराव. अमृतभाईंच्या जेसीबीने त्याची अंमलबजावणी वीस मिनिटांत केली.

नाताळपर्यंत ओहोळ कोरडा पडला आणि संघर्ष मुळापासून मिटला. आज उंबरपाडा शांत आहे, खडकपाडाही शांत आहे, कारण बहुतेक घरांना कुलपे आहेत. जिवली वर्षाला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. देवजीचे कुटुंबही तिथेच गेले. दोघांच्या झोपड्या शेजारी-शेजारी आहेत आणि पाणी एकाच पिंपातले पितात, असे कळते. (परिषदेची परवानगी घेतलेली नाही.)

या शांततेचा लाभ नेमका कोणाला झाला, असे काही कुत्सित लोक विचारतात. हे वाचताना आपली पाठ ज्या भिंतीला टेकली आहे, ती जरा हाताने चाचपून पाहा. पक्की आहे. तिच्यातली एखादी वीट वर्षाने उन्हात बसून वाळण्यासाठी पालथी केलेली असू शकते. पण आपण उठू नका. एवढ्या कारणासाठी शांतताभंग नको.