वर जाण्यासाठी जिना

आमच्या नव्या घराचा जिना फक्त चढतो, उतरत नाही. खालून निघालेला माणूस गच्चीवर पोचतो. वरून निघालेला माणूसही गच्चीवरच पोचतो. बांधकामातला हा दोष आमच्या लक्षात आला तो वास्तुशांत उरकल्यावर. वास्तुशांतीला जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता म्हणून कुणी वर गेलं नाही, हे नशीबच म्हणायचं. नाहीतर माझी सगळी सासुरवाडी आजही वरच असती.

पाहुणे गेल्यावर माझी बायको शालन सांडगी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेली. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"अहो, जरा बघा हो. मी उतरतेय की चढतेय?"

मी जाऊन खालच्या पायरीशी उभा राहिलो. तिची पावलं खाली पडत होती आणि ती वर जात होती. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सगळी नोकरी स्टँडवर गेली. कुठली गाडी येतेय आणि कुठली जातेय हे मला पाठमोऱ्यालाही कळतं.

"शालन," मी म्हटलं, "तू जातेयस."

"मग आता?"

"आता तिथंच थांब. मी कंत्राटदाराला बोलावतो."

ती थांबली. वर एक खोली आहे, मोरी आहे, संडास आहे. तशी गैरसोय काही नव्हती.

भाऊसाहेब इंगवले हा आमचा कंत्राटदार. गुळगुळीत दाढी करून, कपाळाला बुक्का लावून फिरणारा माणूस. तो आला, दारावर टांगलेलं लिंबू सोडवलं आणि तिसऱ्या पायरीवर ठेवलं. लिंबू गडगडत वर गेलं.

"चढ चांगला बसलाय," तो म्हणाला.

"आणि उतार?"

"कंट्रोलरसाहेब, आपलं बोलणं काय झालं होतं? तुम्हीच म्हणालात, वर जायला एक जिना काढा. करारातही तसंच आहे. गच्चीवर जाण्यासाठी जिना. उतरायचं नाव तुम्ही कधी काढलंत?"

"अरे, जिना म्हटलं की उतरणं आलंच की!"

"तसं कसं? खिडकी म्हटली की गज आले का? गज वेगळे सांगावे लागतात."

मला असा राग आला की त्याला तिथंच त्या जिन्यावर ढकलून द्यावं. पण तो शहाणा, पायरीपासून चार हात लांब उभा होता. जाताना म्हणाला, "फायदा बघा ना साहेब. जिना धुतला तर पाणी खाली घरात यायचं नाही."

मी वकील गाठला. अॅडव्होकेट कुंभोजकर डोळे मिटून ऐकतात आणि बोलायची वेळ आली की उघडतात.

"मार्ग पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "आधी नोटीस. मग नगरपालिकेकडे तक्रार, की बांधकाम नियमाला धरून नाही. ग्राहक आयोग आहे, सेवेत त्रुटी म्हणून. फसवणुकीची फिर्यादही देता येईल. दिवाणी दावा आहेच, पण तो तुमच्या नातवंडांना पुरेल. बाई कुठे आहेत सध्या?"

"वर."

कुंभोजकरांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे. केव्हा?"

"गच्चीवर हो!"

हा घोळ पुढेही फार झाला. दूधवाला विचारायचा, वहिनी दिसत नाहीत? मी म्हणायचो, वर गेल्यात. मग त्याचा चेहरा पडायचा. शालनचा थोरला भाऊ तासगावहून टोपी-उपरणं घालून रडत आला. अंगणात शिरतोय तोच वरून आवाज आला, "दादा, आधी हातपाय धुऊन घे, मग रड. आणि जेवून जा." तो बिचारा जेवून गेला. पण नात्यात जी बातमी पसरायची ती पसरली होती.

नगरपालिकेनं बिराजदार नावाच्या कनिष्ठ अभियंता मॅडमना पाहणीला पाठवलं. मॅडम टेप घेऊन आल्या. पायरीची उंची मोजली, रुंदी मोजली, कठडा मोजला, सगळं नियमात बसत होतं.

"उताराची पाहणी वरून करावी लागेल," त्या म्हणाल्या.

"मॅडम, वर गेलात की अडकाल."

"तसं असेल तर तो पाहणीचा भाग आहे," असं म्हणून त्या चढल्या. त्यांचा अहवाल दोरीच्या बादलीतून खाली आला. पायऱ्यांची उंची, रुंदी आणि संख्या नियमानुसार आहे, जिना उतरला पाहिजे असं नियमावलीत कुठेही नमूद नाही, सबब उल्लंघन आढळून येत नाही. कार्यालयानं त्यांना फिरतीवर दाखवलं. मी खालून विचारलं, "मॅडम, घरी कळवू का?" त्या म्हणाल्या, "घरी सासूबाई आहेत. घाई नाही."

म्हणजे आता वर दोन बायका आणि खाली मी. खालून दोरीनं पीठ, भाजी, सिलिंडर चढवायचं, वरून डबा उतरायचा. जेवण गरम असायचं. वरून हसण्याचे आवाज यायचे. शालन इतकी कशाला हसते हे मला कळायचं नाही, विचारलं तर म्हणायची, काही नाही हो.

सुरुवातीला एकदा ती कठड्यावरून वाकून म्हणाली होती, "अहो, तुम्हीच या ना वर. चढायला तर येतंय."

"आणि ग्राहक आयोगातल्या तारखेला कोण जाईल? तक्रारदार गैरहजर राहिला की तक्रार निकालात काढतात. तुला काय, तू वर बसलीयस."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

मग शेजारच्या साळुंख्यांकडे रंगारी लागले. साळुंखे स्वतः त्यांची शिडी घेऊन आले. "कंट्रोलर, कसल्या कोर्टकचेऱ्या करताय? लावा शिडी, वहिनी खाली येतात, विषय संपला." शिडी कठड्याला बरोबर टेकली. शालननं पदर खोचला, कपड्यांची पिशवी काखेत मारली. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आनंदाच्या भरात मी कुंभोजकरांना फोन लावला.

"खबरदार!" ते ओरडलेच. "बाई खाली आल्या की तक्रारीचं कारणच संपलं. आयोग विचारेल, त्रास काय आहे? काय सांगाल? शिडीनं येता येतं म्हणाल? मग इंगवले म्हणेल, येता येतंय ना, झालं तर!"

शालनचा एक पाय कठड्याबाहेर आला होता.

"थांब!" मी ओरडलो. स्टँडवरची सवय, आवाज मोठा आहे माझा. "पाय आत घे! तक्रार पडेल!"

ती तशीच काही वेळ बसून राहिली, एक पाय आत, एक पाय बाहेर. माझ्याकडे बघत होती. साळुंखेही बघत होते. मग तिनं पाय आत घेतला, पिशवी ठेवली आणि आत गेली. साळुंखे शिडी उचलताना काहीतरी पुटपुटले. ते मी मनावर घेतलं नाही. त्यांना कायद्यातलं काय कळतंय?

त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. डबा मात्र वेळेवर यायचा. माझं त्या घरात लक्ष लागत नव्हतं हे खरं आहे. नवा टीव्ही घेतला होता, तो लावावासा वाटायचा नाही. चहा मी दोन कप टाकायचो आणि दोन्ही पिऊन टाकायचो. पण मी एकही तारीख चुकवली नाही. पुढची तारीख पडायची, मी जायचो. इंगवल्याचा वकील आजारी पडायचा, मी परत यायचो.

शेवटी आयोगापुढे सुनावणी झाली. अध्यक्षांनी कागद चाळले.

"पत्नी वर गेल्या असं इथं लिहिलंय. मृत्यूचा दाखला जोडलेला नाही."

कुंभोजकर उठले. "महोदय, वर म्हणजे गच्चीवर."

"अच्छा. हयात आहेत?"

"स्वयंपाक करतात," मी म्हणालो.

इंगवल्याचा वकील म्हणाला, करारात फक्त वर जाण्याचा उल्लेख आहे आणि वर जाण्याबाबत तक्रारदाराची काहीच तक्रार नाही. त्यांची पत्नी गेली, नगरपालिकेच्या अभियंता गेल्या, दोघीही विनासायास पोचल्या. कुंभोजकरांनी मग चांगलाच पट्टा सोडला. पोक्त बाई, भरला संसार, आणि खाली देवघरात येऊन दिवा लावायची सोय नाही! ऐकताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांनी निकाल दिला. कंत्राटदारानं सदर जिना उतरण्यायोग्य करून द्यावा.

आम्ही जिंकलो. मी पेढे घेऊन आलो. बादलीतून वर पाठवले.

इंगवले सांगितल्या दिवशी दोन गवंडी घेऊन आला. त्यांनी जिना उलटा फिरवून बसवला, सिमेंट भरलं, पाणी मारलं. सिमेंट धरल्यावर बिराजदार मॅडम सगळ्यात आधी उतरल्या. खाली येऊन त्यांनी मागे वळून पाहिलं, "उतरतोय," असं म्हणाल्या आणि तशाच कार्यालयात गेल्या.

"शालन!" मी हाक मारली. "मी येतो घ्यायला तुला."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला, तिसरीवर ठेवला आणि दिवाणखान्यात आलो. पुन्हा चढलो. पुन्हा दिवाणखान्यात.

"इंगवले, हे काय?"

"निकाल वाचा साहेब. उतरण्यायोग्य. करून दिलाय. अपील करायचं असेल तर करा," असं म्हणून तो फटफटीवर बसला.

मी बाहेर अंगणात आलो. शालन कठड्याशी उभी होती. तिचे केस आता बरेच पांढरे झाले होते, ते मला इतके दिवस दिसले नव्हते.

"ये की खाली," मी म्हटलं. "जिना झालाय."

"खाली आले की परत वर जाता येईल?"

"नाही. पण आपण अपील करू. मिळेल तेही."

"इथं मी टोमॅटो लावलेत," ती म्हणाली. "वारा असतो. संध्याकाळी समोरच्या बायका त्यांच्या गच्चीवर येतात, बोलणं होतं."

"अगं, पण मी खाली आहे ना!"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही खालीच होतात."

"मग मी शिडीनं येतो वर."

"वकिलांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं, म्हणून विचारलं. कुंभोजकरांनी सांगितलं, आत्ता मुळीच नको. शिडीनं वर गेलात तर निकालाची गरजच नव्हती असं समोरचा अपिलात म्हणेल. मग ते म्हणाले, "जिना चालू आहे आणि बाई खाली येत नाहीत, असं आहे का? मग हा बांधकामाचा प्रश्नच राहिला नाही. हा वेगळा कायदा. नांदायला यावं म्हणून दावा लावता येतो."

"एकाच घरात राहून?"

"मजला वेगळा आहे ना? आधी नोटीस काढावी लागेल. काढू?"

मी म्हटलं, तिला विचारून सांगतो. पुन्हा अंगणात आलो. उभ्या नोकरीत माझा आवाज कधी बसला नव्हता. त्या दिवशी बसला.

"शालन, वकील म्हणतात, तुझ्यावर दावा लावता येईल. नांदायला ये म्हणून."

मला वाटलं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हातातली पानं खुडत राहिली.

"लावा," ती म्हणाली.

"म्हणजे तू येणार खाली?"

"घरी नाही येणार. कोर्टात येईन. तारखेला तुम्ही न चुकता असता. तिथंच भेटू."

मी कुंभोजकरांना दावा लावायला सांगितलं. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. मी न्हाव्याकडे जाऊन आलो आणि पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला आहे.