कोऱ्या यंत्राखालचे लिंबू

राज्याने कर घ्यावा आणि प्रजेने तो द्यावा, हा धर्म निर्विवाद आहे. वस्तू नेमकी कोणती, एवढे ठरले की उभयतांचे कर्तव्य सुकर होते. नेकनूरच्या शहादेवाच्या बाबतीत तेवढे ठरण्यास सहा वर्षे लागली.

शहादेव मूळचा ऊसतोडीचा मुकादम. पत्नी मंगल हिच्या मुठीला सतरा हंगामांत कोयत्याच्या मुठीचाच आकार आलेला. तो हात एकदाचा मोकळा व्हावा, या एकाच संकल्पाने त्याने परदेशातून ऊसतोडणीचे कोरे यंत्र मागविले. बंदरावर कंटेनर उघडताच मंगलने यंत्राला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवले. चालकाने यंत्र वीतभर पुढे घेतले.

सीमाशुल्काच्या तपासनीसांनी चष्मा पुसला. "हे यंत्र वापरलेले आहे."

"सायेब, आत्ता तर बाहेर काढलंय. पूजेला वापर कावून म्हणता?"

"पूजेला नाही, लिंबाला. यंत्राने एक फळ कापले. तोडणी सुरू झाली. वापरलेल्या यंत्रास परवाना लागतो."

"कापलं न्हाई, चेंगरलं," मंगल म्हणाली.

"बाई, ते अपिलात मांडा."

अपिलात तेच मांडले. वरिष्ठांनी ते मान्य केले. मात्र चेंगरून रस काढणे म्हणजे गाळप, सबब यंत्र गाळपाचे, असे ठरवून त्यांनी शहादेवाकडे साखर कारखान्याचा परवाना मागितला.

अखेर उच्च न्यायालयाने चौसष्ट पानांत निवाडा दिला: पूजा हा वापर नव्हे, लिंबू हे ऊस नव्हे, यंत्र कोरे आहे. शहादेवाने गावात पेढे वाटले आणि तो मंगलसह बंदरावर गेला.

सहा वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने यंत्राच्या पात्यांचा भुगा झाला होता.

"सायेब, हे तर लई गंजलंय."

"न्यायालयाने ते कोरे ठरविले आहे. गंज नोंदविला तर अवमान होईल. 'कोरे यंत्र मिळाले' इथे सही करा."

शहादेवाने सही केली. मंगलने पिशवीतून कुंकवाची पुडी काढली, तसे त्याने तिचे मनगट धरले. "आता नको."

"यंत्राला न्हाई वो. दसरा आलाय, कोयत्याला ठेवलीय. त्याला परवाना लागत न्हाई."

न्यायमूर्तींना आयुरारोग्य लाभो. तपासनीसांची दृष्टी अशीच सूक्ष्म राहो. मंगलच्या कोयत्याची धार टिको. आणि वाचकहो, नव्या गाडीखाली दुकानाच्या दारातच ज्यांनी लिंबू ठेवले, त्या आपणां सर्वांचेही कल्याण असो. आपली प्रकरणे अद्याप उघडकीस आलेली नाहीत.