पुंजण्यावरची तोंडी परीक्षा

पुंजण्यावर बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही. धानाच्या भाऱ्यांची ती उंच रास म्हणजे लक्ष्मी, आणि काऊन म्हणून विचारायचं नाही, असं मोठेबाबा दसरूंनी, म्हणजे थोरल्या काकांनी, रंजीताला लहानपणीच बजावलं होतं. तिनं विचारलंही नव्हतं. (विचारायची हौस फार, पण पुंजण्यावर चढायचं कामच कधी पडलं नव्हतं.)

काम पडलं ते आयरिश भाषेमुळे. ब्रह्मपुरीत बीएस्सी करताना तिला विज्ञानकथांचं वेड लागलं. एका कथेतला यानाचा कप्तान शत्रूला कळू नये म्हणून आयरिशमध्ये निरोप धाडायचा. कथा अर्धी टाकून रंजीता मोबाइलवर आयरिश शिकायला बसली. अकरा महिन्यांनी तोंडी परीक्षा आली. नेमकी गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, दुपारी तीनला, व्हिडिओ कॉलवर. हुकली तर वरच्या वर्गासाठी आणखी वर्षभर थांबायचं.

मंडईच्या निमित्तानं त्याच दुपारी सिंदेवाहीचे पाहुणे तिला बघायला आले. तिनं घाईनं चहा दिला आणि मोबाइल उघडला, तर नेटवर्क गायब. अंगणात नाही, विहिरीच्या काठावर नाही. कौलांवर चढावं तर कौलं फुटणार. गावात उंच असं उरलं फक्त खळ्यातलं पुंजणं. नव्या साडीसकट ती वर चढली. चार काड्या नेटवर्क!

खाली सगळे धावले.

"पोरगी कोनाशी बोलून राह्यली?" पाहुण्यांनी विचारलं.

"आयर्लंडच्या बाईशी," मोठेबाबा म्हणाले.

"कोनता तालुका?"

"परदेश आहे, भाऊ."

"मंग हे बोली शिकून तिकडं नोकरी लागते का?"

मोठेबाबांना खोटं जमत नसे. "नाई. तिकडचे बहुतेक लोकंबी इंग्रजीच बोलतात म्हनते."

पाहुण्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"उतर रंजीता!" मोठेबाबा ओरडले. "लक्ष्मीवर पाय देऊन उभी आहेस!"

"नाक कापलं वो पोरीनं!" काकूनं, मोठीमाय मनकर्णानं, कपाळावर हात मारला.

पडद्यावरच्या परीक्षक बाई कानामागे हात धरून बसल्या होत्या. या गोंगाटात त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

रंजीता खाली वाकली. "रोवण्याच्या वेळी चिखलात कोनाचे पाय होते, मोठेबाबा? भारे कोनी वाहिले? तेव्हा नाई रुसली लक्ष्मी? मी नाई उतरत!"

खळ्यात सगळे चिडीचूप झाले.

परीक्षक बाईंना आता स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला: तुमच्या घरी कोण कोण असतं?

रंजीताला आयरिशमध्ये कृष्णविवर येत होतं, गुरुत्वाकर्षण येत होतं, यानाचं इंधन संपल्याचं तर ती झोपेतही सांगू शकत होती. नातेवाइकांचा धडा मात्र तिनं कंटाळवाणा म्हणून सोडून दिला होता. आणि तिचे सगळे नातेवाईक खाली उभे राहून, माना वर करून तिच्या उत्तराची वाट बघत होते.