कांद्यावरचा पंजा

चित्रप्रदर्शनाच्या त्या निवड समितीने एका सरळ माणसाचा सात वर्षं छळ केला, हे कोणीतरी तिच्या तोंडावर सांगायला हवं. दर वर्षी त्याचं चित्र परत, आणि दर वर्षी एकच शेरा: 'वस्तूंत जीव नाही.' अरे, किटलीत जीव आणायचा कुठून, ते तरी सांगाल?

माणूस पेशाने फिटर. दगडावर तेलकट खडूने चित्र काढून ते कागदावर छापायची विद्या एका फाटक्या पुस्तकावरून स्वतःच शिकलेला. मणभर दगड पेलेल असा ओटा फक्त स्वयंपाकघरात; म्हणून बायको सहा आठवडे उरलेल्या वीतभर जागेत रांधत होती. दगडावर किटली, दोन कांदे आणि सुरी उतरली होती. चित्र पोचवायचा उद्या शेवटचा दिवस.

त्याने दगडाला डिंक-आम्ल चोपडलं, पाणी फिरवलं, शाईचा रूळ ओढला. ओला दगड शाई झिडकारतो, तेलकट जागा तेवढी धरते. कागद दाबून उचलला. किटली उमटली. कांदे उमटले. आणि एका कांद्यावर अंगठा रोवून पाची बोटांचा पंजा उमटला.

"अगं, दगडाला हात लावलास?"

"तळताना वरचा डबा काढायला जरासा टेकला. लगेच पुसलाही की!"

"तेलाचा हात पुसून जातो होय?"

बायकोने कागद निरखला. "हा माझा नाहीच मुळी. हा डावा आहे. मी टेकला तो उजवा."

"छापलं की उलटं येतं!"

"मग नीट छापायचं ना."

पंजा खरवडावा तर कांदाही जाणार. सासूबाईंनी चष्मा लावला. "राहू द्या हो, जावईबापू. निदान कांदा उचलायला कोणीतरी आलंय, असं वाटतं."

दात-ओठ खात त्याने तोच कागद नेऊन दिला. फॉर्मवर खोटं लिहवेना, म्हणून लिहिलं: 'हात पत्नीचा.'

पंधरा दिवसांनी पत्र आलं. चित्र निवडलं होतं. किटली ठोकळा, कांदे निर्जीव. हात मात्र अप्रतिम. सौभाग्यवतींनी उद्घाटनाला येऊन प्रात्यक्षिक दाखवावं. दगड उचलायला सोबत एक माणूस आणावा.

"तेल त्यांचं की आपलं, तेवढं विचारून घ्या," बायको म्हणाली.

फिटरने कागद ओढला आणि एका दमात लिहिलं: 'माणूस मिळाला आहे. किटली त्याची, कांदे त्याचे, दगडही त्याचाच. चित्राखाली त्याचं नाव कुठे लावणार, ते उलट टपाली कळवा.'