आप्पा फिटरच्या तबकड्या

आमचे शेजारी आप्पा फिटर ग्रामोफोन लावत स्वतःच्या घरात आणि ऐकायला येत माझ्या घरी. न विचारता आत शिरायचे, मी चहा पीत बसलो असलो तर मला बाजूला सरकवायचे आणि दोन घरांमधल्या भिंतीवर तळहात ठेवून डोळे मिटायचे.

"येतंय का?" ते विचारत. म्हणजे गाणं भिंतीतून येतंय का.

येणार नाही तर काय! आमच्या मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांवर आपटत असत. "येतंय, आप्पा," मी दात आवळून म्हणायचो.

"मग तिला कामून येत न्हाय?" असं म्हणून ते परत जात आणि आवाज आणखी वाढवत.

'ती' म्हणजे त्यांची बायको, शांताक्का. लहानपणापासून कान फुटायचे, आणि चाळिशीच्या आत त्यांना ऐकू येणंच बंद झालं. कुणी हाक मारली तरी ढिम्म. मात्र ढोकीजवळच्या ज्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो, तिथं गाळप सुरू झालं की भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबायचा. "लागली मिल," त्या म्हणायच्या. जमीन थरथरायची, ते त्यांना कळायचं. आप्पा त्याच मिलवर फिटर. त्यांनी यावरून एक सिद्धांत काढला. "भाऊसाहेब, भजन-बिजन हे हलकं काम हाय. तिला यंत्राचंच गाणं पायजे."

आता यंत्राचं गाणं ढोकीला कुठून मिळणार? पण माझं नशीब खडतर. दुष्काळात बोअर पाडायला एक परदेशी मशीन आलं होतं, त्याच्यासोबत एक गोरा इंजिनियर. मशीनचा कुठलासा भाग तुटला, आप्पांनी तो जोडून दिला. गोरा मायदेशी निघाला तेव्हा खूश होऊन त्यानं आप्पांना आपला ग्रामोफोन आणि खोकंभर तबकड्या देऊन टाकल्या. एखादं घड्याळ दिलं असतं तर आम्ही शेजारीपाजारी त्याला दुवा दिला असता.

तबकड्या सगळ्या इंग्रजी आणि सगळ्या रॉक. मी स्टोअरमध्ये क्लार्क, इंग्रजी वाचता येणारा, म्हणून तबकड्यांच्या कव्हरांवरचं वाचायची वेठबिगारी माझ्याकडे. वाचता वाचता कळलं की या गोंगाटातही पोटजाती आहेत. ब्लूज रॉक, फोक रॉक, हार्ड रॉक, सायकेडेलिक रॉक, प्रोग्रेसिव्ह रॉक. आप्पांना हे एकदम पटलं. "असनारच की. उसात न्हाईत का जाती?" मग एकेक जात घ्यायची, तिच्या सगळ्या तबकड्या दोन्ही बाजूंनी वाजवायच्या आणि शांताक्कांचं तोंड न्याहाळायचं, असा उद्योग सुरू झाला. दुष्काळानं ऊस वाळला, हंगाम लवकर आटोपला. चिमणी थंड, मिल बंद आणि फिटर रिकामा. कॉलनीत कधी नव्हे ती शांतता आली होती, ती आप्पांनी दोन दिवससुद्धा टिकू दिली नाही.

प्रत्येक जातीवर त्यांचा शेरा ठरलेला. फोक रॉकला कानडीतून नकार देत म्हणाले, "इल्ला. हे वजनात बसत न्हाय." ब्लूज रॉक ऐकून म्हणाले, "बैल दमलाय, पन गाडी सोडंना." सायकेडेलिक लागलं तेव्हा ते चक्क उठून ग्रामोफोनला तेल घालायला निघाले. "आवाज असा वाकडा कामून येतो? बेअरिंग खाल्लं असंल." तो वाकडा आवाज मुद्दाम काढलेला असतो हे पटवायला माझा अख्खा रविवार गेला. प्रोग्रेसिव्हची एकेक रचना तबकडीची पुरी बाजू खायची. आप्पा शांतपणे म्हणाले, "हे आडसाली पीक हाय. लावलं की दीड वरीस उभंच."

सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते कळायला लागलं. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजताना माझी बोटं टेबलावर हार्ड रॉक वाजवायची. बायको म्हणाली, "तुमी बी बिघडलाव." मी तिच्यावर खेकसलो, पण खेकसण्यात जोर नव्हता.

आणि शांताक्का? त्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या स्टुलावर बसायच्या. आप्पा हातवारे करून विचारायचे, त्या मान हलवून नाही म्हणायच्या. मग दुसरी तबकडी.

मी हे सगळं सोसलं असतं. पण एका दुपारी पाण्याचा टँकर आला, हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि निघून गेला. आमच्या ओळीतल्या एकाही घराला ऐकू गेला नाही, कारण आप्पांचं हार्ड रॉक चाललं होतं! घरात प्यायला पाणी नाही, बायका माझ्या दारात, जणू गाणारा मीच. माझं डोकं फिरलं. रिकामी घागर तशीच हातात घेऊन मी आप्पांच्या घरात घुसलो.

"बास झालं, आप्पा!" मी ओरडलो. "कानानं जात न्हाय तर आता काय कवटी फोडून आत घालता का तिच्या?"

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, फार बोललो. तेवढ्यात ते आत गेले आणि हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. मी दोन पावलं मागं सरलो.

तो त्यांचा मिलवरचा स्क्रू-ड्रायव्हर होता. चालत्या यंत्रात काय दुखतंय हे बघायला फिटर लोक त्याचं टोक बेअरिंगवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरतात. आतली खरखर हाडातून कळते. आप्पांनी उभी नोकरी हेच केलं होतं. आणि घरी हा शहाणा माणूस महिनोन् महिने नुसता आवाज वाढवत बसला होता!

त्यांनी टोक ग्रामोफोनच्या स्पीकरच्या पेटीवर टेकवलं आणि मूठ शांताक्कांच्या कानामागं दाबली. शांताक्कांनी दचकून त्यांचं मनगट धरलं.

"कोन तरी बोंबलायलंय," त्या म्हणाल्या. "बाप्या हाय."

आप्पांचा आ वासलेला. त्यांनी भुवया उडवून विचारलं, कसं हाय?

शांताक्का थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "लई वंगाळ हाय. असलं वंगाळ गानं म्या जन्मात ऐकलं न्हाय."

माझं मत अखेर कुणीतरी बोलून दाखवलं होतं. पण आप्पा रडत होते. हसत होते की रडत होते, मला नीट कळलं नाही, पण धोतराचा सोगा डोळ्यांना लागला होता. ते बंद करायला वाकले तर शांताक्कांनी मनगट सोडलं नाही. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

"भाऊसाहेब, जरा धरा," आप्पा म्हणाले. "माजा हात हालायलाय."

मी घागर खाली ठेवली आणि स्क्रू-ड्रायव्हर धरला. आप्पा बायकोसमोर फरशीवर बसले. गाणं त्यांच्या कानाशी धो धो वाजत होतं, पण तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात आप्पा एकटेच बोलायचे आणि बाई माना हलवायच्या. आज बाई बोलत होत्या. "आता ढोल वाजायलाय," त्या सांगत होत्या. "आता थांबला. आता परत त्योच मुडदा बोंबलायलाय." आणि आप्पा दर वाक्याला मान डोलवत "व्हय, व्हय," म्हणत होते.